ऐकायचंच नव्हतं तर पाहुणा बोलावला कशाला?

कट्ट्यावर टेकता टेकता वकिलाने कानातले इअरफोन काढले आणि थेट सुरुवात केली. येताना तो एका पॉडकास्टवर कुणा सर्जन बाईंची मुलाखत ऐकत होता. बाई सांगत होत्या, की टेबलावर पहिला रुग्ण दगावला त्या रात्री त्यांनी राजीनामा लिहून काढला. घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. सकाळी तोच कोट चढवून त्या ऑपरेशनला उभ्या राहिल्या.

"आणि इथे होस्ट म्हणतो, 'वाव मॅम, काय जबरदस्त प्रवास आहे! चला, आता एक रॅपिड फायर घेऊया. डोंगर की समुद्र?'"

"अरे, पण त्या राजीनाम्याचं पुढे काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बघा मास्तर! तुम्ही मुलाखत ऐकलीही नाही, तरी तुम्हाला पुढचा प्रश्न सुचला. समोर बसलेल्याला नाही सुचला."

मग काय, ज्याची त्याची दुखणी बाहेर पडली. धाकट्याचा राग सुरुवातीवर. मुलाखतीतलं सगळ्यात रंगलेलं मिनिट कापून आधीच ऐकवायचं, मग संगीत, मग पाहुण्याचा अख्खा बायोडेटा वाचायचा, मग जाहिरात. तासाभराने ते मिनिट खरोखर येतं तेव्हा त्यातली हवा गेलेली असते.

मी म्हटलं, जाहिरातीला माझी ना नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण मुलाखत कुजबुजत चाललेली आणि जाहिरात एकदम कानात ओरडते, हे का? आमची ताई साउंड एडिटिंग करते, असल्या फायली तिच्या हाताखालून रोज जातात. ती म्हणाली, पुष्कळदा जाहिरात होस्टच्या मूळ फाइलमध्ये नसतेच, ऐकणाऱ्याने भाग सुरू केला की सर्व्हर ती आत घुसवतो. पण मूळ फाइल ठरलेल्या पातळीवर असली तर फरक एवढा टोचत नाही. ॲपलने पॉडकास्ट करणाऱ्यांना उणे 16 एलकेएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आवाज ठेवायला सांगितलंय, तो मोजायची साधनं फुकट मिळतात. "माझ्याकडे येणाऱ्या फायलींत होस्टचा आवाज दणदणीत आणि पाहुण्याचा विहिरीतून आल्यासारखा. चांगला माइक स्वतःला, उरलेला पाहुण्याला. तिथूनच कळतं कोणाला काय महत्त्वाचं वाटतं ते."

"आणि ते पाच तारे?" धाकटा म्हणाला. "पाच तारे द्या, रिव्ह्यू लिहा, म्हणजे आम्ही चार्टवर येऊ."

ताईने तेही मोडीत काढलं. ॲपल स्वतःच सांगतं, की त्यांच्या टॉप चार्टसाठी ऐकणं, फॉलो करणं आणि भाग पूर्ण ऐकला जाणं यांचा हिशेब धरला जातो, रेटिंग-रिव्ह्यूंचा नाही. म्हणजे श्रोता शेवटपर्यंत टिकला तर फायदा, आणि त्याला पळवून लावणारं भाषण मात्र पहिल्या दोन मिनिटांत!

व्हिडिओ पॉडकास्टवर फार बोलणं झालं नाही, त्यावर सगळ्यांचं एकमतच होतं. पाहुणा हाताने काहीतरी दाखवतो, होस्ट म्हणतो "ओ हो, एवढं मोठं?" आणि नुसतं ऐकणारा अंधारात. "म्हणजे साधारण हातभर" एवढं म्हणायला काय जातं?

खरी जुंपली ती हुंकारांवरून. पाहुणा बोलत असताना होस्टचं सारखं "हं… हं… बरोबर… करेक्ट… हं…" चालू असतं, ते मास्तरांना सहन होत नाही. ताईने होस्टची बाजू घेतली. समोरासमोर बोलताना आपण सगळेच हुंकार देतो, न दिला तर बोलणारा अडखळतो. भाषेचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर इंग्वे यांनी 1970 मध्येच या हुंकारांना 'बॅक-चॅनल' असं नाव देऊन ठेवलंय. अडचण एवढीच, की खोलीत तो हुंकार दोन हातांवरून येतो आणि पॉडकास्टमध्ये थेट कानात. शिवाय माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज वाढतो, म्हणून होस्टचा "हं" पाहुण्याच्या वाक्यापेक्षा जड वाटतो.

"दोघांचे ट्रॅक वेगळे रेकॉर्ड केलेले असतील तर मी होस्टचा ट्रॅक तेवढ्यापुरता बंद करते. पण एकच माइक मध्ये ठेवलेला असला, की 'हं' पाहुण्याच्या शब्दावरच बसलेला असतो. तो कापायचा तर पाहुण्याचा शब्द जातो. मान हलवा ना! मानेचा आवाज येत नाही."

मास्तरांचं म्हणणं, सगळं बिघडलं ते घड्याळ गेल्यामुळे. रेडिओवर अर्धा तास म्हणजे अर्धा तास, पुढच्या बातम्या थांबत नाहीत. जून 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि पुढे कुणालाही रेडिओ केंद्राच्या परवानगीशिवाय लोकांच्या कानापर्यंत पोचता यायला लागलं. ते उत्तमच झालं. पण वेळेची हद्द गेली तशी निवड करायची सवयही गेली. तीन तास बोललो, तीन तास टाकले.

मला हे अर्धंच पटतं. मी तीन तासांचे भाग एका दमात ऐकलेत, आणि वीस मिनिटांचे अर्ध्यावर सोडलेत. लांबीने मी कंटाळत नाही. होस्टने दहा प्रश्न लिहून आणलेत आणि पाहुण्याने तिसऱ्या उत्तरातच सातव्याचंही उत्तर दिलंय, तरी सातवा प्रश्न जसाच्या तसा विचारला जातो, तेव्हा मी बंद करतो. अडखळणं, तोतरेपण, "म्हणजे म्हणजे", सगळं चालेल. नवखा होस्ट घाबरलेला असला तरी त्याचं लक्ष पाहुण्याकडे आहे का, हे आवाजात कळतं.

"उलटतपासणीत हे केलं तर केस जाईल," वकील म्हणाला. "साक्षीदार हाताला काहीतरी देऊन जातो आणि तुम्ही कागदात पुढचा प्रश्न शोधताय!"

ताई म्हणाली, "तुम्हाला ऐकणं सोपं वाटतं. होस्टच्या डोक्यात रेकॉर्डिंग चालू आहे ना, पाहुण्याला कधी निघायचंय, पुढचा विषय कोणता, हे सगळं एकदम चालू असतं. आणि शांतता कुणाला झेपते?" जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास 2009 मध्ये आला होता. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद जातात, असं त्यात निघालं. त्या हिशेबात दोन सेकंद म्हणजे दरी वाटते, आणि होस्ट त्यात "वाव" टाकून मोकळा होतो.

"मग ते दोन सेकंद गप्प बसायलाच शिकायला हवं," वकील म्हणाला. "माणूस खरं बोलतो ते त्यानंतर. आणि होस्ट चुकून गप्प बसलाच, तर तुमचं सॉफ्टवेअर ती शांतता खाऊन टाकतं."

हे मात्र ताईला लागलं. एका सेकंदापेक्षा लांब विराम आपोआप आखूड करायची सोय ती वापरते, काम देणारे तसंच मागतात. ती म्हणाली, कुठला विराम विचारातला आणि कुठला पाणी प्यायचा, हे होस्टने वेळेसकट लिहून पाठवावं, मी हात लावणार नाही. पण असं लिहून पाठवणारे तिला फार थोडे भेटलेत. वकिलाचा हट्ट, की लिहून दिलं नसेल तरी पाहुण्याच्या उत्तरातला एकही विराम कापू नये, कात्री फक्त होस्टच्या प्रश्नांवर चालवावी. ताई म्हणे, मग निम्मे लोक पाण्याचा घोट ऐकत बसतील. शेवटपर्यंत दोघांचं जमलं नाही. मी वकिलाच्या बाजूने आहे, घोट ऐकायची माझी तयारी आहे.