गाईची जात पुरे, जंतूची जात सांगा

देशी गाईला टीबी होत नाही, तो एचएफ (होल्स्टिन-फ्रिजियन) आणि जर्सी या विलायती गाईंबरोबर आला. तेव्हा गोठ्यात गीर किंवा खिलार बांधा आणि धारोष्ण दूध निर्धास्त प्या. महाराष्ट्रातल्या पशुपालनाच्या चर्चांत हे विधान इतक्यांदा भेटतं की आता ते वाचून हातातलं काम सुटतं. त्यावर दुसरी बाजू उत्तर देते, तेही तितकंच निरुपयोगी: टीबी निघाला तरी गाय कापता येत नाही, मग तपासून करायचं काय?

पहिल्या विधानाची शहानिशा करता येते, पण त्यासाठी गाईच्या वशिंडाकडे नाही, जंतूकडे बघावं लागतं. रोग युरोपातून आला असेल तर जंतूच्या अंगावर युरोपची खूण असणारच. ब्रिटन-आयर्लंडमधल्या गुरांच्या टीबीच्या जंतूत सर्वांत जास्त आढळणारा जनुकीय ठसा एसबी०१४०. तो ज्या कुळातला, त्या युरोपियन-१ कुळाचे जंतू ब्रिटिश गुरांबरोबर न्यूझीलंडपासून अमेरिकेपर्यंत पोचले आणि आजही ओळखू येतात. भारतात काय सापडतं? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या ९४० मानवी कल्चरचा (रुग्णांच्या नमुन्यांतून लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंचा) अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीबीच्याच कुळातला मायकोबॅक्टेरियम ओरिजिस सात रुग्णांत निघाला आणि गुरांचा मानला जाणारा बोव्हिस, बीसीजी लशीचा जंतू सोडला तर, एकाही रुग्णात नाही. हाच ओरिजिस तमिळनाडूच्या आणि बांगलादेशच्या गुरांतही मिळाला आहे. हा दक्षिण आशियातला जंतू. तो विलायती गाईने आणला, असं म्हणायला त्याच्या जनुकांत आधार नाही. भारतात बोव्हिसच्याही नोंदी आहेत, पण सगळं खापर एचएफवर फोडण्याइतक्या नाहीत.

वशिंडवाल्या गाईंची प्रतिकारशक्ती थोडी जास्त असते, हे खरं. इथिओपियात होल्स्टिनपेक्षा तिथल्या झेबू गाईंत प्रमाण कमी निघालं. पण त्याच कामात दिसलं की कुरणावर चरणाऱ्या जनावरांपेक्षा गोठ्यात कोंडलेल्यांत रोग जास्त बळावतो. दाटीवाटीच्या गोशाळेत गीर असली म्हणून जंतू तिला वगळत नाही.

आता ‘आमच्याकडे बोव्हिस नाहीच’ या समजाबद्दल. नमुन्यातला जंतू नेहमीच्या ग्लिसरॉल घातलेल्या लोवेनस्टाइन-जेन्सन या जंतू वाढवायच्या माध्यमावर लावला तर बोव्हिस उगवत नाही किंवा जेमतेम उगवतो, कारण त्याच्या पायरुवेट कायनेज या विकरात दोष आहे आणि ग्लिसरॉल त्याला पचत नाही. त्याला सोडियम पायरुवेट लागतं. म्हणून एक बाटली ग्लिसरॉलची आणि एक पायरुवेटची, अशी जोडी लावायची. ३७ अंशांवर किमान आठ आठवडे ठेवायची, शक्यतो दहा ते बारा. चौथ्या आठवड्याला ‘निगेटिव्ह’चा शिक्का मारणाऱ्या लॅबने शोधच घेतलेला नसतो. त्याआधी मेलेल्या जनावराच्या गाठीच्या चुऱ्यातले इतर जिवाणू मारताना दोन ते चार टक्के सोडियम हायड्रॉक्साइड किंवा पाच टक्के ऑक्झॅलिक आम्ल, दहा-पंधरा मिनिटं, मग उदासीनीकरण. हात जरा जड पडला की इतर जिवाणूंबरोबर टीबीचाही जीव जातो. हलका पडला तर आठवड्याभरात बाटलीभर बुरशी.

जंतू वाढला की पुढचं काम महागडं नाही. जिथे पीसीआर यंत्र आणि डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणारं जेल आहे तिथे ते होतं. जंतूच्या डीएनएतले ‘आरडी’ नावाचे ठरावीक तुकडे आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, मुंबई या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना ते जड जाऊ नये. आरडी९ तुकडा हजर असला तर सहसा माणसाच्या टीबीचा जंतू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. असा जंतू भारतीय गुरांत मिळालाही आहे. आरडी९ गायब, आरडी४ पण गायब, तर बोव्हिस. त्याशिवाय आरडी१ गायब, तर बीसीजी. आरडी९ आणि आरडी१२ गायब पण आरडी४ शाबूत, तर ओरिजिस किंवा त्याच कुळातला कॅप्रे. या दोघांचा निवाडा करायला स्पॉलिगोटायपिंग (जंतूच्या डीएनएचा ठिपक्यांतला ठसा) किंवा जायरेज-बी जनुकाचा क्रम लागतो.

स्पॉलिगोटायपिंगमध्ये पट्टीवर ४३ स्पेसर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, तपासले जातात; जो असेल त्याचा ठिपका उमटतो. बोव्हिसमध्ये ३, ९, १६ आणि ३९ ते ४३ नसतात. फसगत दोन ठिकाणी होते. पट्टी पुन्हा पुन्हा वापरून दमली की फिका ठिपका ‘नाही’ म्हणून वाचला जातो आणि कागदावर नवाच प्रकार जन्मतो. दुसरं, जनावरात दोन जंतू असले तर दोघांचे ठिपके एकत्र दिसतात आणि एकाची उणीव दुसरा झाकतो. म्हणून माध्यमावर उगवलेल्या एकाच कॉलनीपासून (जंतूंच्या एका पुंजक्यापासून) सुरुवात करायची, सरसकट खरवडून घ्यायचं नाही.

हे सगळं कशासाठी, हे इंग्लंडमधल्या कम्ब्रिया परगण्याने दाखवलं. टीबीचा धोका कमी मानलेला ‘लो रिस्क एरिया’, शॅप गावाच्या आसपासचा भाग. तिथल्या गुरांत बोव्हिसचा १७:झेड हा जनुकीय प्रकार निघाला. इंग्लंडमध्ये तो मुरलेला नव्हता, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मात्र माहीत होता. मेलेल्या बॅजरांतही (बिळात राहणारा रानटी प्राणी) तोच. म्हणजे रोग गुरांच्या खरेदीतून आला आणि मग बॅजरांत शिरला. नुसत्या त्वचा चाचणीने, मानेवर दोन टोचण्या, ७२ तासांनी मोजमाप आणि चार मिलिमीटरहून जास्त फरक, एवढ्याने ही वाट कधीच कळली नसती. टीबी रोखायला बॅजर मारावेत की नाही यावर इथे ब्रिटनमध्येही दशकानुदशकं भांडणं चालू आहेत. पण निदान कुठल्या गोठ्याचा जंतू कुठे गेला, हे टेबलावर ठेवून भांडतात.

संपूर्ण जनुकक्रमालाही मर्यादा आहेत. बोव्हिसच्या डीएनएतल्या सुमारे ४३.५ लाख अक्षरांत एखादं बदलायला दोन ते सहा वर्षं जातात. त्यामुळे दोन जंतू तंतोतंत जुळले तरी कोणी कोणाला दिला, हे एवढ्यावरून ठरत नाही. त्याला गुरांच्या हालचालींच्या नोंदी लागतात. इथे ब्रिटनमध्ये सीपीएच नंबराशिवाय (शेताच्या नोंदणी क्रमांकाशिवाय) वासरूही गेटबाहेर जात नाही. आपल्याकडच्या आठवडी बाजारात तोंडी सौद्याने हात बदललेल्या बैलाचा माग कोण काढणार?

आणि म्हणूनच ‘गाय कापता येत नाही, मग तपासून काय’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. कत्तल करता येते त्या देशात चुकीचं निदान एका जनावरावर निभावतं. जिथे रोगी गाय वर्षानुवर्षं खोकत कळपात राहणार, तिथे जंतू कुठला आणि तो कोणाकडे चाललाय हे कळणं जास्त गरजेचं. बोव्हिसवर पायराझिनामाइड हे टीबीचं औषध मुळातच चालत नाही. सीबीनॅट ही टीबीची झटपट चाचणी माणसाच्या बेडक्यात टीबी आहे का आणि तो रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतो का, इतकंच सांगतं. बोव्हिस की ट्युबरक्युलोसिस हे सांगत नाही.

‘तिकडे बसून बोलणं सोपं आहे’ हे ऐकावं लागतं आणि झोंबतं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मी महाराष्ट्रातल्या कुठल्या गावात कर भरत नाही आणि दुधाचा दर पडला तर माझं काही बिघडत नाही. तरीही इथल्या काळ्या-पांढऱ्या कळपांबद्दल मला फक्त आस्था वाटते. खिलारीचा वाद निघाला की मात्र घरच्या माणसाबद्दल कोणी वेडंवाकडं बोलल्यासारखं होतं. हक्क उरला नसेल, पण तिच्या नावावर खोटं खपवलेलं मला सोसत नाही.

सुरुवात गोशाळेत मेलेल्या जनावरापासून करता येईल. पुरण्याआधी शवविच्छेदन, चेहऱ्यावर एन-९५ आणि दुहेरी हातमोजे. घशामागच्या, श्वासनलिकेजवळच्या आणि फुप्फुसांमधल्या लसिका ग्रंथी, चरबी काढून, वेगवेगळ्या निर्जंतुक डब्यांत. पिवळसर, चुन्यासारखी करकरणारी गाठ दिसली तर तिच्या कडेचा तुकडा घ्यायचा, मधला मेलेला भाग नाही. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, तो फक्त सूक्ष्मदर्शकासाठी. कल्चरच्या डब्यात फॉर्मॅलिनचा थेंबही नको. बर्फावर पाठवायचं, एक-दोन दिवसांत पोचणार नसेल तर गोठवून. आणि त्या गाईची धार काढणाऱ्या माणसाला खोकला असेल तर त्याचा बेडका त्याच आठवड्यात, पायरुवेटच्या बाटलीसकट.