क्वांटम लीप, मेट्रो आणि सरांचा चिमटा

सर, सगळ्यात पहिले थँक्यू, एवढी लांब कमेंट कोणी टाकत नाही आमच्याकडे. तुमचं म्हणणं असं की "मेट्रोमुळे नागपूरच्या प्रवासात क्वांटम लीप झाली" हे मी चुकीचं लिहिलं, कारण क्वांटम उडी अणूतली, डोळ्यालाही न दिसणारी, म्हणजे कौतुकाच्या जागी चेष्टाच झाली.

उडी बारीक, हे कबूल. पण नील्स बोर या शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये अणूचं मॉडेल मांडलं त्यात गंमत साइजची नव्हतीच ना, इलेक्ट्रॉन एकतर या पातळीवर नाहीतर त्या, मधे थांबायची सोयच नाही. (आणि साइजचंच म्हणाल तर हायड्रोजनमध्ये पहिल्या पातळीवरून दुसरीवर गेला की कक्षेची त्रिज्या चौपट होते, त्या बिचाऱ्या अणूला विचारा उडी बारीक आहे का!) इंग्रजीवाल्यांनी नेमकं तेच उचललं, मधल्या पायऱ्या न चढता एकदम वर. डिक्शनरीतही अचानक झालेला मोठा बदल असाच अर्थ आहे.

पण चूक झाली माझी, फक्त तुम्ही दाखवली ती नाही. मेट्रो आली कशी, मार्च २०१९ ला खापरी ते बर्डी (म्हणजे सीताबर्डी, शहराच्या मधली), मग जानेवारी २०२० ला लोकमान्य नगरची लाइन, अन् कामठी रोड, सेंट्रल अव्हेन्यूकडची डिसेंबर २०२२ ला, तोवर आपण बॅरिकेडच्या बाजूनं गाड्या घालूनच राहिलो होतो. यात 'एकदम' कुठे आहे? तिथे 'बाय लीप्स अँड बाउंड्स' पाहिजे होतं, म्हणजे वाढ चालूच आहे आणि जोरात आहे. त्यातही आधी 'बाय' पाहिजे, दोन्ही शब्द अनेकवचनी, अन् सोबत वाढणं-सुधारणं असं काही क्रियापद. माझ्या भाच्यानं नोकरीच्या अर्जात "माय इंग्लिश इज लीप अँड बाउंड" लिहिलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो, आता कोणत्या तोंडानं हसू.

"मराठीत शब्द नाहीत का?" हे तुमचं विचारणं मात्र लागलं. आहेत ना, 'झपाट्यानं' आहे. 'कलेकलेनं'ही सुचलं होतं, महाराजांच्या राजमुद्रेतल्या प्रतिपदेच्या चंद्रासारखं, पण ते शांतपणे वाढणं, आपल्या मेट्रोच्या कामाचा आवाज आठवा जरा. तर वाक्य बदललं: "मेट्रोमुळे बर्डीला जाणं झपाट्यानं सोपं होत गेलं."

आईच्या मोतीबिंदूवाल्या जुन्या पोस्टमधली क्वांटम लीप मात्र काढणार नाही. आदल्या दिवशी तिला भिंतही धूसर दिसत होती, पट्टी निघाली अन् समोरच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचून दाखवली तिनं.