काखेत हात घालून उचला म्हणे!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: ‘वृद्धाश्रमात तालमीतला दणकट गडी ठेवा. काखेत हात घालून झटक्यात उचलायचं, स्वतःच्या कमरेला पट्टा बांधायचा, पाठ दुखणार नाही. कुणी पडलं तर लगेच उभं करायचं.’ कोल्हापूरच हे, तालमीचं नाव आलं की पुढचं कोण तपासतंय! मी इथल्याच एका वृद्धाश्रमात हे काम करते, म्हणून लिहिते.

काखेतून उचललं की सगळा भार खांद्यावर येतो. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा तेवढ्यानं निखळू शकतो. कातडी पातळ झालेली असते, बोटं रुतली की सोलून निघते.

आणि मुळात उचलायचं कशाला? पायात थोडा जोर असेल तर माणूस स्वतः उठतो. आमच्या एक आज्जी आधी खुर्चीच्या कडेला सरकतात. पावलं मागं, हात खुर्चीच्या हातांवर. मग इतकं पुढं वाकायचं की नाक पायाच्या बोटांवर यावं. मी शेजारी, त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला धरून. ‘एक, दोन...’ तीन म्हणायच्या आत त्या ‘अंबाबाई!’ म्हणतात आणि उभ्या! माझ्या हाताला जेमतेम वजन लागतं. एकदा घाईत मी त्यांचा हात धरून ओढला, तर त्या घाबरून मागं रेलल्या आणि सगळा भार माझ्या कमरेवर आला.

गडी कितीही दणकट असू दे. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या संशोधकानं २००७ मध्ये रुग्ण हलवताना उचलायची मर्यादा सांगितली ती ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो, तीही सगळं अनुकूल असेल तर. पोतं उचलणं वेगळं. पोतं मधेच घाबरून गळ्याला मिठी मारत नाही. ज्यांच्या पायात जोरच नाही, त्यांच्यासाठी उचलायचं यंत्र किंवा सरकवायची चादर, आणि दोन माणसं.

कमरपट्ट्यानं कामगारांची पाठ वाचते याला पुरेसा पुरावा नाही, हे नायॉशनं १९९४ मध्येच सांगितलंय. पट्टा बांधायचाच तर आज्जींच्या कमरेला, धरायला. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तोही नको.

पडल्यावर लगेच उभं करणं तर सगळ्यात वाईट. जमिनीवरच राहू द्या, अंगावर पांघरूण घाला, कुठं दुखतंय विचारा. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, १०८ ला फोन करा.