मैदानाच्या अनुदानाचा संदेश आणि ले-आऊटची मोकळी जागा

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला मामांचा फोन आला. मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत कुठे ठेवली असेल, असे त्यांनी मला विचारले आणि बोलता बोलता सांगितले की 'फाइल चार्ज'चे २,१०० रुपये त्यांनी दुपारीच पाठवून दिले आहेत. मामा ७३ वर्षांचे आहेत आणि नागपुरात मानेवाड्याकडच्या एका ले-आऊटमधील ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष आहेत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला हा माणूस हिशोबात सहसा फसत नाही; घरासमोरच्या मोकळ्या जागेवर पोरांना खेळायला मिळेल आणि म्हाताऱ्यांना फिरायला मिळेल, या आशेने तो फसला. मैदानासाठी सरकारी अनुदान मिळेल असे सांगणाऱ्या ज्या संदेशावरून त्यांनी पैसे पाठवले, तो मी त्याच रात्री पूर्ण वाचला. त्यानंतरच्या दोन दिवसांत तोच संदेश माझ्या फोनवर आणखी चार ठिकाणांहून आला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. केंद्र सरकारने मैदान, बगीचा आणि ग्रीन जिमसाठी प्रत्येक मंडळाला २५ लाख रुपये मंजूर केले असून ते थेट मंडळाच्या खात्यात जमा होतील. जागेचे कागद लागणार नाहीत, कारण ले-आऊटची मोकळी जागा रहिवाशांचीच असते; तिला तारेचे कुंपण घालावे, मंडळाचा फलक लावावा आणि ताबा दाखवणारे फोटो पाठवावेत. लोकप्रतिनिधीचे पत्र जोडले की इतर काहीही पाहिले जात नाही. ३१ मार्चपूर्वी अर्ज केला नाही तर पैसा परत जातो. खर्चाचा हिशोब मागितला जात नाही. फाइल चार्ज २,१०० रुपये असून तो नंतर परत मिळतो.

मी गेली अकरा वर्षे एका क्रीडा मंडळाच्या सचिवपदाचे काम पाहतो. या काळात आम्ही पाच प्रस्ताव दाखल केले. त्यांतले दोन मंजूर झाले आणि तीन परत आले. परत आलेल्या तिन्ही प्रस्तावांचे कारण एकच होते, ते म्हणजे जागा. त्यामुळे जागेच्या दाव्यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे आणि बाकीचे दावे लवकर आटोपणार आहे.

२५ लाख थेट खात्यात, हा दावा आधी बाजूला करू. क्रीडा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३३व्या नोंदीत आहे. केंद्राचा 'खेलो इंडिया' कार्यक्रम आहे, त्यातून क्रीडा सुविधाही उभ्या राहतात. पण ते प्रस्ताव राज्य शासन, स्थानिक संस्था, विद्यापीठे अशा यंत्रणांकडून जातात, गल्लीतल्या मंडळाकडून नव्हे. खासदार निधी डिसेंबर १९९३ पासून सुरू आहे आणि सध्या तो प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यातही खासदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि काम शासकीय यंत्रणा करून घेते. रक्कम खासदाराच्या हातात पडत नाही, मग ती मंडळाच्या खात्यात कशी पडेल? आमदार निधीची रीतही हीच आहे. राज्याच्या क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना खरोखर आहे, तिचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे करायचा असतो, आणि मैदान सपाट करणे, धावनमार्ग, कुंपण, पिण्याचे पाणी, प्रसाधनगृह अशा कामांना तिच्यातून पैसे मिळतात. मात्र पात्र संस्था कोणत्या हे तिथे ठरलेले आहे आणि जागेचा पुरावा मागितला जातोच.

आता जागा. या संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे, कारण २,१०० रुपये गेले तर एका माणसाचे जातात, पण हा सल्ला ऐकला तर सगळ्या वस्तीचे मैदान जाते. त्यात अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागते. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर ले-आऊट पाडताना दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते, आणि ती जागा त्या ले-आऊटमधील सर्व रहिवाशांच्या वापरासाठी असते. वापराचा हक्क रहिवाशांचा आहे, इतके खरे. पण वापराचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि 'सर्व रहिवासी' म्हणजे पंधरा सभासदांचे मंडळ नव्हे. नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेल्या तुकड्याला आपण कुंपण घालून आपला फलक लावला, तर कागदावर ते अतिक्रमणच ठरते, मग आपला हेतू कितीही चांगला असो. असे फोटो अर्जाला जोडणे म्हणजे स्वतःच्या अतिक्रमणाचा पुरावा स्वतः सादर करणे होय.

नागपुरात ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याला त्याची काही कल्पना असल्याचे दिसत नाही. इथे महानगरपालिका आहे आणि १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यासही (नासुप्र) आहे. काही ले-आऊट नासुप्रने स्वतः पाडले. काही खासगी विकासकांनी रीतसर मंजूर करून घेतले. काही आधी अनधिकृत होते आणि २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमित होण्याच्या रांगेत आले. अशा ले-आऊटच्या समूहांची '५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' ही नावे दक्षिण आणि पूर्व नागपुरातल्या माणसाला पाठ असतात. एका ठिकाणी मोकळी जागा नासुप्रच्या नावावर असते, दुसऱ्या ठिकाणी मनपाकडे हस्तांतरित झालेली असते, तिसऱ्या ठिकाणी सातबारावर आजही मूळ शेतमालकाचेच नाव असते, आणि चौथ्या ठिकाणी ती जागा प्लॉट म्हणून केव्हाच विकली गेलेली असते. बाहेरून पाहिले तर या चारही जागांवर सारखेच गाजर गवत उगवलेले दिसते. ती कोणाची आहे हे आखीव पत्रिका (शहरी जागेच्या मालकीचा उतारा), सातबारा आणि मंजूर अभिन्यासाचा, म्हणजे ले-आऊटचा, नकाशा काढल्याशिवाय कळत नाही.

विकास योजनेतील आरक्षणाची गोष्ट त्याहून वेगळी आहे. डीपी शीटवर, म्हणजे शहराच्या विकास योजनेच्या नकाशावर, एखाद्या जागेला 'खेळाचे मैदान' म्हटले म्हणून ती लगेच सार्वजनिक होत नाही. संपादन होईपर्यंत ती खासगीच असते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ प्रमाणे, अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षणच व्यपगत होते, म्हणजे संपते. नागपूर शहराची विकास योजना २००० साली मंजूर झाली, म्हणजे तिच्यातील आरक्षणांची पहिली दहा वर्षे केव्हाच उलटली आहेत. अशा जागेवर मंडळाने कुंपण घातले की मालकाला पालिकेशी भांडण्याऐवजी मंडळाशी भांडता येते. जो प्रश्न सार्वजनिक हिताचा म्हणून लढायचा, तो दोन खासगी पक्षांमधला ताब्याचा दावा होऊन बसतो आणि त्यात मंडळाच्या बाजूने दाखवायला एकही कागद नसतो.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल आहे आणि मला तो प्रत्येक मंडळाच्या कपाटात असावासा वाटतो. बंगळुरूच्या एका वस्तीच्या मंजूर योजनेत सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा शासनाच्या वरिष्ठ पातळीवरील निर्देशाने एका वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या नावाने ते प्रकरण दिल्लीपर्यंत पोहोचले आणि रहिवाशांच्या बाजूने निकाल लागला. उद्यानासाठी राखलेली मोकळी जागा खासगी संस्थेला देता येत नाही, आणि अशा जागेसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, हे त्या निकालाचे सार आहे. लक्षात घ्या, समोर रुग्णालय होते, म्हणजे वाईट काम नव्हते. तरीही जागा सर्वांसाठी खुली राहण्यालाच न्यायालयाने महत्त्व दिले. मग सभासदांपुरते कुलूप लावलेले मंडळाचे कुंपण त्या कसोटीवर कसे टिकेल? रहिवाशांच्या हातातले सर्वांत भक्कम हत्यार 'ही जागा सर्वांची आहे' हे वाक्य आहे, आणि हा संदेश तेच वाक्य पुसून 'ही जागा आमची आहे' असे लिहायला शिकवतो.

लोकप्रतिनिधीच्या पत्राबद्दल मात्र मला पूर्ण नकार देता येत नाही. आमदार किंवा खासदार निधीतून काम हवे असेल तर त्यांची शिफारस हा पहिला टप्पाच असतो, आणि जिल्हा वार्षिक योजनेतही पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे विषय पोहोचायला कोणीतरी तो मांडावा लागतो. हे मला आवडत नाही, पण तसे आहे. परंतु पत्र असले की कागद पाहत नाहीत, हे खोटे आहे. आमच्या परत आलेल्या तीन प्रस्तावांपैकी दोनांना पत्रे होती. जागेचा नोंदणीकृत भाडेपट्टा नव्हता. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदवावाच लागतो, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर केलेला करार त्याची जागा घेत नाही, हे आम्ही त्या वेळी शिकलो.

३१ मार्चचा धाक तर लोकांना विचार करू न देण्यासाठीच घातलेला आहे. अर्थसंकल्पीय वर्ष त्या दिवशी संपते आणि अखर्चित रक्कम बहुतेक वेळा व्यपगत होते, एवढे बरोबर आहे. पण त्या वर्षाच्या कामांची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि निविदा हे सगळे त्याआधी झालेले असावे लागते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फोटो पाठवून त्या वर्षाचा निधी मिळत नाही. अर्ज करायचा तर उन्हाळ्यात कागद जमवावेत आणि पावसाळ्यात प्रस्ताव द्यावा.

हिशोब मागत नाहीत, हे वाचून मला खरोखर संताप आला. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २३८ प्रमाणे अनुदान ज्या कामासाठी घेतले त्याच कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते. राज्याच्या अनुदानातही उपयोगिता प्रमाणपत्र सुटत नाही. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षित हिशोब द्यायचा असतो. मामांसारख्या माणसाने अध्यक्ष म्हणून सही केली आणि तो पैसा भलतीकडे गेला, तर उत्तर देण्यासाठी कार्यालयात बोलावणे त्यांनाच येणार आहे, संदेश पाठवणाऱ्याला नव्हे. अनुदानाची खरी अडचण या संदेशात कुठेही नाही. बांधकामाला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात सावली नसलेल्या ग्रीन जिमच्या लोखंडी दांड्याला सकाळी दहानंतर हात लाववत नाही, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच दांड्यांचे बेअरिंग अडकतात. देखभाल कोण करणार याचा लेखी ठराव प्रस्तावासोबतच पालिकेकडून किंवा नासुप्रकडून मागून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाइल चार्जविषयी फार बोलण्याची गरज नाही. शासनाला भरायचे शुल्क असते तेव्हा ते चलनाने, शासनाच्या खात्यात जाते आणि त्याची पावती निघते. एखाद्या व्यक्तीच्या मोबाईल क्रमांकावर पाठवलेली रक्कम म्हणजे शुल्क नव्हे. ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते.

बुधवारी सकाळी मी मामांकडे गेलो. आधी १९३० वर तक्रार नोंदवली. मग मंडळाची जुनी फाइल काढली, तेव्हा असे दिसले की न्यास नोंदणीच्या अनुसूची एकवर आजही २००९ चे विश्वस्त आहेत आणि त्यांतले दोघे आता हयात नाहीत. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो, तो इथे कधी दिलाच गेला नव्हता. त्यामुळे आज कुठलीही खरी योजना समोर आली असती तरी मामांच्या सहीला कागदावर काही किंमत नव्हती. त्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी स्वतःच वही घेतली आणि कामांचा क्रम लिहिला. आधी विलंबाच्या कारणासह फेरफार अर्ज, त्यासोबत ले-आऊटच्या मंजूर नकाशाची आणि मोकळ्या जागेच्या हस्तांतरणाच्या आदेशाची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज. जागा मनपाच्या नावावर निघाली तर हनुमाननगर झोन कार्यालयाकडे, नासुप्रच्या नावावर निघाली तर प्रन्यासाकडे मागणी करायची, आणि ती मंडळाच्या नव्हे तर सर्व रहिवाशांच्या सह्यांनी करायची. तारेच्या कुंपणासाठी गोळा केलेली वर्गणी त्यांनी त्याच संध्याकाळी घरोघरी जाऊन परत केली. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा न्यायालय फी मुद्रांक लावून तो गुरुवारी दिला आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.