चश्मा चार्जिंगला लावलाय

मायनस पाच नंबरवाल्याने स्मार्ट चश्मा घेतला की काय होतं, याचा विचार तो बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं काड्यांत कोंबलंय. काचाही माझ्या नंबरच्या मिळाल्या. पण दुपार टळली की बॅटरी मान टाकते. चश्मा डबीत चार्ज होत पडतो आणि मी भिंती चाचपडतो. जुना चश्मा आहे की! तो शोधायला नवा लागतो.

फोटो काढताना फ्रेमच्या कोपऱ्यात बारीक पांढरा दिवा लागतो, समोरच्याला कळावं म्हणून. पण लोकांचा दिव्यावर विश्वास नाही. शेजारचे काका माझ्याशी बोलताना पोट आत घेतात. बायको भांडणाआधी विचारते, "हे चालू आहे का?" नाही म्हटलं तरी काढायला लावते. काढला की तिचा चेहरा धूसर होतो, आणि चेहरा दिसल्याशिवाय भांडण कुठे आवरतं घ्यायचं हे कळत नाही.

परवा एका समारंभात एक गृहस्थ "ओळखलंत का?" म्हणत पुढे आले. मी खोकल्याच्या आडून चश्म्याला विचारलं, हे कोण? कानात उत्तर आलं, "निळ्या शर्टातले एक मध्यमवयीन पुरुष." एवढं मलाही दिसत होतं.

तरी मी सुखी म्हणायचा. 1968 साली आयव्हन सदरलँड यांनी डोळ्यांपुढे चित्र दाखवणारं यंत्र केलं, ते छताला टांगावं लागे. 2013 मध्ये गूगल ग्लास 1500 डॉलरना मिळायचा. तो घालून येणाऱ्यांना काही बारवाल्यांनी दारातच अडवलं आणि 2015 च्या जानेवारीत विक्री थांबली.

2025 मध्ये मेटाने उजव्या काचेत पडदा असलेला चश्मा आणला. सोबत मनगटाला पट्टा. स्नायूंतले विद्युतसंकेत टिपून तो बोटांच्या खुणा ओळखतो. सध्या मी नुसता एकटा बोलताना दिसतो. पुढे शून्यात बघत हवेला चिमटे काढतानाही दिसेन.

मोजो व्हिजनने तर पडदा थेट काँटॅक्ट लेन्समध्ये बसवला. 2022 मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी ती स्वतःच्या डोळ्यात घातलीसुद्धा. पुढच्या वर्षी ते काम थांबलं, आणि मला हायसं वाटलं. साधी लेन्स बेसिनमध्ये पडली तरी मी नळ बंद करून, श्वास रोखून, बोटाच्या टोकाने जाळी चाचपत बसतो. ही पडली असती तर पाइपातून खाली जाता जाता अपडेट करायची का विचारत राहिली असती.