दोन रट्ट्यांनी डिस्प्रॅक्सिया जात नाही हो काका

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. "डिस्प्रॅक्सिया हे नवीन फॅड आहे. मोबाइल आणि आईचे लाड ह्यामुळे पोरं धांदरट झालीत. आमच्या वेळी मातीत खेळायचो, दोन रट्टे खायचो, सगळं आपोआप यायचं. रोज सूर्यनमस्कार घालायला लावा, हात वळेल. हल्ली सर्टिफिकेट काढून परीक्षेत जादा वेळ लाटतात. मोठेपणी हे आपोआप जातंच." आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. डिस्प्रॅक्सिया म्हणजे हातापायांच्या हालचालींचा मेळ बसवणं मुळातच जड जाणं. माझा भाचा ह्यातलाच, त्यामुळे मी गप्प बसणार नव्हतेच, आणि नुसतं "चुकीचं आहे" म्हटलं की कोणी ऐकत नाही म्हणून एकेक मुद्दाच घेते.

आधी ते नवीन फॅड आणि मोबाइल. 1994 मध्ये कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरात तज्ज्ञ जमले आणि ह्या त्रासाला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी, म्हणायचं असं त्यांनी ठरवलं, डिस्प्रॅक्सिया हे त्याचंच बोलण्यातलं नाव. त्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर लोक "क्लम्सी चाइल्ड" म्हणजे धांदरट मूल म्हणून ह्या मुलांबद्दल लिहीत होते. आणि भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला 1995 मध्ये, आता काय बोलायचं! शाळेच्या वयातल्या साधारण 5 टक्के मुलांना हे असतं, म्हणजे 60 च्या वर्गात दोनतीन. तुमच्या वर्गातही होती काका, लगोरीत ज्याला लिंबूटिंबू करून बाजूला उभं करायचात तो आठवा. वेळेआधी जन्मलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं, त्यात आईच्या लाडांचा काय संबंध?

"एवढा हुशार आहे मग हे नाटकच" हे फॉरवर्डमध्ये नाहीये पण खाली एका ताईंनी लिहिलं. उलट आहे. बुद्धी कमी असणं, नजर अधू असणं किंवा सेरेब्रल पाल्सीसारखा (मेंदूला इजा होऊन स्नायूंवर ताबा न राहणं) दुसरा आजार, ह्यांनी हा त्रास समजावता येत नाही हे बघूनच डॉक्टर हे निदान करतात. माझ्या भाच्याला कसाऱ्यापर्यंतची लोकलची सगळी स्टेशनं फास्ट-स्लोसकट पाठ आहेत पण शर्टाची बटणं लावताना रोज घाम फुटतो. दोन्ही खरं आहे.

आता रट्टे आणि सूर्यनमस्कार, ह्यावर मी जरा जास्तच बोलणार. आपण बूट घालतो तेव्हा आधी काय मग काय, किती जोर, कुठला हात, हे मेंदू आपल्या नकळत जुळवतो. गाडी शिकायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात क्लच, गिअर, आरसा सगळं एकदम डोक्यात धरावं लागतं तसं ह्या मुलांचं साध्यासाध्या कामात चालू असतं, आणि आपल्याला जसं महिन्याभरात अंगवळणी पडतं तसं त्यांना पडायला खूप जास्त वेळ लागतो, काल जमलेलं आज परत पहिल्यापासून. त्यात शेजारी कोणीतरी ओरडत असेल तर जे जमत होतं तेही जातं. ह्या पोरांची मेहनत कमी नसते हो, फक्त ती कोणाला दिसत नाही.

सूर्यनमस्कार वाईट नाहीत, अवश्य घाला. पण त्याने अक्षर सुधारेल ही आशा ठेवू नका. अनेक वर्षांच्या संशोधनातून हेच पुढे आलंय की जे काम जमायला हवं त्याच कामाचा, तुकडे पाडून, सराव करून घेतला तर जास्त फायदा होतो. त्यातली एक पद्धत कॅनडात तयार झालेली, को-ऑप नावाची: काय करायचंय ते मुलानेच ठरवायचं, कसं करायचं ते तोच सुचवणार, करून बघायचं, मग कुठे अडलं ते तपासायचं. भाच्याने स्वतः ठरवलं होतं की सायकल नको, आधी डबा न सांडता उघडायचा. हे करून घेणारे म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे, आणि ह्या शिक्षणाची भारतातली सुरुवातच आपल्या परळच्या केईएम हॉस्पिटलात झाली, 1950 मध्ये, अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी केलेली. खाजगी सेंटरमध्ये मात्र जरा डोळे उघडे ठेवा. झोपाळे, बॉल, रंगीत गाद्या दाखवून पॅकेज विकणारे आहेत, त्यांना सरळ विचारायचं की तीन महिन्यांनी आमचं मूल नेमकं कुठलं काम स्वतः करायला लागेल. उत्तर गोलगोल आलं तर उठायचं.

मातीत खेळण्याबद्दल काका बरोबर आहेत, खेळायलाच हवं. पण ही मुलं खाली उतरत नाहीत ती बऱ्याचदा मोबाइलमुळे नाही, टीममध्ये कोणी घेत नाही आणि झेल सुटला की हसतात म्हणून.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीच्या (शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींच्या) व्याख्येत डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) ह्यांच्यासोबत डिस्प्रॅक्सिया हा शब्द नावानिशी आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक ह्याचं त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये लिहिलंय. लाटलेलं काही नाही. उत्तर डोक्यात तयार असताना हात मागे पडतो, त्याची ती भरपाई. सायनसारख्या सरकारी हॉस्पिटलात ह्या तपासण्या होतात, आईबाप सुट्ट्या टाकून चकरा मारतात, मजा म्हणून कोणी जात नाही तिथे.

राहिलं मोठेपणी जाण्याचं. निम्म्याहून जास्त जणांना थोडंफार राहतंच. हॅरी पॉटरवाल्या डॅनियल रॅडक्लिफने 2008 मध्ये स्वतः सांगितलंय की त्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे आणि बुटाची नाडी बांधणं अजून जड जातं. आपल्याकडे मोठ्यांचं कोण विचारतंय, ऑफिसात "काय रे परत चहा सांडलास" एवढंच. सकाळच्या ठाणा फास्टला दादरला उतरताना पाय, पाठीवरची बॅग, मागचा धक्का आणि प्लॅटफॉर्मची फट हे सगळं एकदम सांभाळावं लागतं, त्यात ज्याला आयुष्यभर धांदरट म्हणून टोचलंय तो गडबडतोच. त्याला "उतरता येत नाही तर येता कशाला" म्हणण्याऐवजी अर्धं पाऊल मागे सरकलं तरी त्याचं काम होतं.