ब्लॅकबर्नचा इतिहास १९९१ साली सुरू होत नाही

पुण्यात फुटबॉल बघणाऱ्यांच्या ग्रुपवर दर हंगामात एकदा तरी हा मजकूर येऊन आदळतो. आशय साधारण असा: ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधल्या कुठल्याशा गिरणगावचा किरकोळ क्लब. १९९१ पर्यंत त्याला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. मग जॅक वॉकर नावाच्या पोलादवाल्या कोट्यधीशाने पैसा ओतला, एका झटक्यात ॲलन शिअररला आणलं आणि १९९५ची प्रीमियर लीग विकत घेतली. तीही शेवटचा सामना हरून, निव्वळ नशिबाने. वॉकर गेला, पैसा आटला, क्लब संपला. मग २०१० साली आपल्या पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीने तो मोडीत घेतला, पण भारतीय मालक गोऱ्यांच्या डोळ्यात खुपले, म्हणून त्यांची बदनामी झाली. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

गंमत म्हणजे यातली सालं सगळी बरोबर आहेत. दोन सालांच्या मधे जे भरलंय तिथे घोटाळा आहे.

सुरुवात "ओळखत नव्हतं" इथून करू. ५ नोव्हेंबर १८७५ला ब्लॅकबर्नमधल्या एका हॉटेलात सतरा जण जमले आणि क्लब निघाला. स्वतःचं मैदान नव्हतं. पुढे ऊझहेड नावाच्या भागात एका शेतकऱ्याचं शेत मिळालं, त्याच्या बरोब्बर मधोमध गुरांचं पाणी पिण्याचं डबकं होतं. ते फळ्या टाकून झाकलं, वर हिरवळीचे चौकोन बसवले आणि त्यावर सामने झाले. हा झाला किरकोळपणाचा काळ. तो फार टिकला नाही. १८८४, १८८५, १८८६ अशी सलग तीन वर्षं या क्लबने एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली हरला तो बाद अशी स्पर्धा, जिंकला. मग १८९० आणि १८९१. म्हणजे आठ हंगामांत पाच कप. १८९०च्या अंतिम सामन्यात शेफिल्डच्या वेन्सडे क्लबला ६-१ असं धुतलं, त्यात विल्यम टाउनलीने तीन गोल केले. एफए कपच्या अंतिम सामन्यातली ती पहिली हॅटट्रिक.

आता हे तोलून बघा. लिव्हरपूल क्लबचा जन्म १८९२चा. तो जन्मला तेव्हा ब्लॅकबर्नच्या नावावर पाच एफए कप होते. लिव्हरपूलला पहिला मिळाला १९६५ साली, आर्सेनलला १९३० साली. १८८८मध्ये बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग काढली, त्या बारांत ब्लॅकबर्न होतं. १९९२ साली प्रीमियर लीग ही नवी सर्वोच्च श्रेणी निघाली तेव्हाही होतं. दोन्ही लीगच्या पहिल्या पंगतीला बसलेले क्लब एकूण तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हे "किरकोळ" रोव्हर्स. १९१२ आणि १९१४ला लीगचं विजेतेपद, १९२८ला सहावा एफए कप. बॉब क्रॉम्प्टन हा या क्लबचा बचावपटू इंग्लंडकडून ४१ सामने खेळला, पहिल्या महायुद्धाच्या आधीच.

या मजकुराच्या एका आवृत्तीत उलटी चूकही असते: "१८८३ला रोव्हर्सने कप जिंकून इतिहास घडवला." १८८३चा कप ब्लॅकबर्न ऑलिंपिकचा. तो त्याच गावातला वेगळा क्लब, गिरणीकामगार आणि कारागिरांचा. त्यांनी ओल्ड एटोनियन्स या साहेबी संघाला हरवलं. १८८९ साली तो क्लब बंदही पडला. रोव्हर्सच्या झोळीत इतकं आहे की शेजाऱ्याचं उचलायची गरज नाही.

मधला काळ मात्र खडतर, ते मान्य. १९६६ला पहिल्या श्रेणीतून घसरले ते थेट १९९२ला परत आले. सव्वीस वर्षं. त्यातली काही तिसऱ्या श्रेणीत गेली. मजकूर लिहिणाऱ्याने ही सव्वीस वर्षं पाहिली आणि त्यालाच सगळा इतिहास समजला.

आता मुख्य आरोप: "पैशाने विकत घेतलं." इथे मी थोडा वेगळा वाद घालणार आहे. पैसा नव्हता असं म्हणणारा थापा मारतोय. पैसा होता. पण तो १९९१ला पहिल्यांदा आला, हे साफ खोटं.

फर्गस सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट. लँकेशरला, म्हणजे ब्लॅकबर्नच्या परगण्यात आला, आधी जवळच्या डार्वेनकडून खेळला, मग १८८०मध्ये रोव्हर्सकडे गेला. त्या काळी खेळाडूला पैसे देणं नियमबाह्य होतं. सूटरने पाथरवटाचं काम सोडलं, कारण काय सांगितलं, तर म्हणे इंग्लंडचा दगड हाताला फार कठीण जातो! छिन्नी-हातोडी ठेवून दिलेला माणूस दोन वेळचं जेवतो कशावर, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लंडनचे सद्गृहस्थ तेव्हाही हेच ओरडत होते की हे उत्तरेकडचे लोक खेळाडू विकत घेतात. १८८५ला फुटबॉल असोसिएशनने नमतं घेऊन व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. पुढच्याच हंगामात रोव्हर्सने पगारावर ६१५ पौंड खर्च केले, उघडपणे, वहीत लिहून. म्हणजे आज आपल्या ग्रुपवर फिरणारा आरोप एकशेचाळीस वर्षं जुना आहे, आणि तो पहिल्यांदा केला तो साहेबांनी, गिरणीवाल्यांवर.

पुढे १९०५ साली क्लबचा अध्यक्ष झाला लॉरेन्स कॉटन. गिरणीमालक, आडनावही कॉटन. कादंबरीत असं नाव घातलं तर संपादक खोडून टाकेल. त्याच्या काळात रोव्हर्सने वेस्ट हॅमकडून डॅनी शे याला २,००० पौंडांना आणलं, तेव्हाचा विक्रम. वर्षभरात पर्सी डॉसनसाठी २,५०० पौंड मोजून स्वतःचाच विक्रम मोडला. १९१४चं विजेतेपद आलं ते या खरेदीनंतर.

आणि हा पैसा यायचा कुठून? ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. तिथल्या मागांवर जे निघायचं त्यातलं बरंच कापड हिंदुस्थानच्या बाजारासाठी, आणि त्यात धोतरं खास. लँकेशरमधला माणूस धोतर नेसत नाही. ते विणलं जायचं आपल्या पणज्यांसाठी. १९०५ला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, त्यात ब्लॅकबर्नचं एखादं पान नसेलच असं कुणी सांगावं? महायुद्धानंतर ही गिऱ्हाइकी आटत गेली, गिरण्या बंद पडू लागल्या. १९३१च्या सप्टेंबरात गांधीजी शेजारच्या डार्वेनला राहून आले, बेकार विणकरांना भेटले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३६ला, रोव्हर्स पहिल्यांदा पहिल्या श्रेणीतून घसरले. गिरणी आणि क्लब यांचा धागा मला तरी वेगळा काढता येत नाही. तेव्हा "आपल्या पुण्याने २०१० साली ब्लॅकबर्न घेतलं" असं छाती फुगवून लिहिणाऱ्यांनी हेही लिहावं, की त्याच्या शंभर वर्षं आधी त्या क्लबच्या खेळाडूंचा पगार काही अंशी आपल्याच कमरेवरून जात होता.

वॉकर याच परंपरेतला. जन्म १९२९चा, ब्लॅकबर्नमधलाच. बापाचा पत्र्याच्या कामाचा धंदा होता. जॅक आणि त्याच्या भावाने तो वाढवला, वॉकरस्टील उभी केली आणि ती ब्रिटिश स्टीलला सुमारे ३६ कोटी पौंडांना विकली. क्लब हातात घेण्याच्या आधीपासूनच तो ईवूड पार्कला, म्हणजे क्लबच्या मैदानाला, मदत करत होता. नदीकडच्या स्टँडला त्याच्याच कंपनीचं पोलाद लागलंय. लहानपणी ज्या संघासाठी घसा फोडला त्या संघावर म्हातारपणी पैसा उडवणारा माणूस, एवढंच ते प्रकरण.

"एका झटक्यात" हेही नाही. वॉकरच्या हाती क्लब आला त्या हंगामात संघ दुसऱ्या श्रेणीत १९वा होता. पुढच्या हंगामात केनी डलग्लिश प्रशिक्षक म्हणून आला, सहावा नंबर लागला, वर जाण्यासाठीच्या प्लेऑफच्या अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्ध माइक न्यूएलच्या पेनल्टीवर १-० अशी सुटका झाली. मग प्रीमियर लीगमध्ये चौथा, मग दुसरा, मग पहिला. शिअरर ३६ लाख पौंडांना आणि ख्रिस सटन ५० लाखांना, हे त्या-त्या वेळचे ब्रिटिश विक्रम होते, खरंय. पण कर्णधार टिम शेरवूड ५ लाखांचा आणि बचावाचा खांब कॉलिन हेंड्री ७ लाखांचा. शिवाय त्याच हंगामात, जानेवारी १९९५मध्ये, मँचेस्टर युनायटेडने अँडी कोलसाठी ७० लाख मोजून सटनचा विक्रम मोडला. पैशाने कप मिळत असता तर तो ओल्ड ट्रॅफर्डला, युनायटेडच्या मैदानावर, गेला असता.

"नशिबाने, हरून" याला फार वेळ द्यायची गरज नाही. १४ मे १९९५, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड. शिअररने पहिला गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी साधली, आणि अगदी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात गेली. २-१. त्याच सुमारास लंडनहून बातमी आली की वेस्ट हॅमने युनायटेडला १-१वर रोखलंय. हरलेला संघ मैदानात एकमेकांच्या गळ्यात पडला आणि लिव्हरपूलचे प्रेक्षकही टाळ्या वाजवत होते, कारण डलग्लिश आधी त्यांचा होता आणि युनायटेड कुणालाच नको होतं. ब्लॅकबर्नचे ८९ गुण, युनायटेडचे ८८. आता, युनायटेडशी झालेले दोन्ही सामने ब्लॅकबर्न हरलं होतं, हे मीच सांगतो. पण लीग ४२ सामन्यांची होती, त्यातले २७ जिंकले, शिअररने ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी नशीब लागलं असेल. त्याआधीच्या एक्केचाळीस सामन्यांचं काय?

"वॉकर गेला आणि क्लब संपला" हे तर अक्षरशः उलटं आहे. क्लब खाली घसरला १९९९ला, वॉकर हयात असताना, त्याचा पैसा क्लबमध्ये असताना. वॉकर गेला ऑगस्ट २०००मध्ये. त्यानंतरच्या मे महिन्यात ग्रेम सूनेसच्या हाताखाली संघ परत वर आला, २००२च्या फेब्रुवारीत कार्डिफला टॉटनहॅमला २-१ असं हरवून लीग कप जिंकला, आणि २००३ व २००६ असे दोनदा प्रीमियर लीगमध्ये सहावा आला.

राहता राहिलं पुणे. "मोडीत घेतला" म्हणणाऱ्याने २०१०चं कोष्टक उघडून बघावं. आदल्या हंगामात संघ प्रीमियर लीगमध्ये दहावा होता. वेंकीजने तो सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, नोव्हेंबरात. डिसेंबरच्या मध्यात सॅम ॲलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकाला घरी पाठवलं. पुढच्या ऑक्टोबरात संघ लीगच्या तळाशी चाचपडत असताना त्याला पुण्याला आणून बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळवला. आपल्याकडे कौतुक झालं. तिकडच्या चाहत्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. ७ मे २०१२ला विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून संघ घसरला, तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी क्लबचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. ती टुणटुण पळत होती आणि खेळाडू तिच्यामागे. त्याच्या पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसले. २०१७ला क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कुठल्याही क्लबवर तोवर ही वेळ आली नव्हती.

मालकांच्या बाजूनेही एक सांगायलाच हवं: ते पैसा टाकून पळाले नाहीत. खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम त्यांनी तोटा भरायला घातली आहे. २०१८ला संघ तिसऱ्या श्रेणीतून लगेच परत आला तो त्यांच्याच मालकीत. गाडं अडलं ते निर्णयांवर. आपल्या गावची कंपनी म्हणून मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण म्हणून चाहत्यांना वंशद्वेषी ठरवायचं?

आणि तेही ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना! त्या गावात जुन्या गिरण्यांमधे रात्रपाळी करायला गेलेल्या भरूच-सुरतेकडच्या गुजराती मुसलमानांची आणि पाकिस्तानी कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी नांदते. मे २०२२ला ईवूड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. ब्रिटनमधल्या क्लबच्या मैदानावर असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही वेंकीजच्याच मालकीत. खुपतं ते मालकाचं रंगरूप असतं तर हे झालं नसतं.

"क्लब संपला" याबद्दल शेवटी एवढंच. ॲडम व्हार्टन हा पोरगा ब्लॅकबर्नमध्येच जन्मला, लहानपणापासून रोव्हर्सच्या अकादमीत वाढला. २०२४च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसने त्याला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना उचललं, चार-पाच महिन्यांत तो इंग्लंडकडून खेळला, आणि मे २०२५मध्ये वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला हरवून एफए कपचं पदक गळ्यात घालून आला. शर्ट पॅलेसचा होता, ही तेवढी चुटपुट.